सोळा मीटरची ‘रोहिणी’ दोन मीटरमध्ये: जुन्या भारतीय ग्लायडरचं स्केल मॉडेल कसं बनवायचं

गेल्या दिवाळीत माझ्या टेबलावर एक पंख तयार होता. लांबी एक मीटर तीन सेंटीमीटर, आत ओळीने बसवलेल्या लाकडी फासळ्या, वरून ताणलेला पांढरा कागद. महिनाभराचं काम होतं. वरच्या मजल्यावरचे आजोबा बघायला आले. कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते ते, आणि १९७०च्या दशकात एका कॅम्पात ‘रोहिणी’ नावाच्या ग्लायडरमध्ये बसले होते. त्यांच्याचसाठी तर हे मॉडेल चाललं होतं. त्यांनी चष्मा वर केला, पंखावर आडवी वीत ठेवली आणि म्हणाले, “लेका, हे कुठलं? आमची रोहिणी एवढी ढब्बू नव्हती.”

मी म्हटलं, आजोबा, पन्नास वर्षं झाली, विसरला असाल. मोबाईल काढून फोटो दाखवला, चित्र दाखवलं. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले.

रात्री हिशेब मांडला तर चूक माझीच निघाली. मी रोहिणीचा नाही, ब्रिटिश ‘सेडबर्ग’ ग्लायडरचा पंख बनवला होता. नेटवर फोटोखाली कुणीतरी चुकीचं नाव टाकलेलं, मी त्यावर विश्वास ठेवला, मग चित्रही तसलंच शोधलं. पाच मिनिटांच्या गुणाकार-भागाकारात हे आधीच कळलं असतं. तो गुणाकार-भागाकार काय, आणि त्याच्यापुढे मॉडेल कसं उभं राहतं, तेच आज बघू.

नक्षत्रांच्या नावाची विमानं

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरच्या विंचने दोर ओढून किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते वर न्यायचं, दोर सोडायचा, आणि पुढे हवेच्या वर जाणाऱ्या प्रवाहांवर तरंगत राहायचं. आपल्याकडे पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, ग्लायडिंग सेंटर आहे. सोलापूर रोडने गेलेल्या किती जणांना ते मैदान माहीत असेल कोण जाणे.

आता गंमत बघा. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत सफदरजंग विमानतळावर नागरी विमान वाहतूक खात्याचं टेक्निकल सेंटर होतं. तिथे भारतीय इंजिनिअरांनी आपली ग्लायडर्स डिझाइन केली आणि त्यांना नावं दिली ती नक्षत्रांची. १९५८मध्ये ‘अश्विनी’ उडालं. १९६१मध्ये ‘रोहिणी’. मग ‘कार्तिक’ (नाव कृत्तिकेशी जोडलेलं), ‘भरणी’, ‘मृगशीर’. १९७०च्या दशकाच्या शेवटी ‘आर्द्रा’, जे कानपूरला एचएएलने बांधलं. पंचांगातली पहिली सहा नक्षत्रं पूर्ण! कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला यातली रोहिणी, मृग आणि आर्द्रा वेगळी सांगावी लागत नाहीत. पेरणी आणि पाऊस त्यांच्यावरच चालतो. पण याच नावांची विमानं या देशात बनली हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं.

अश्विनी आणि रोहिणी या दोन्हींचे डिझायनर एस. रामामृतम. रोहिणी हे दोन सीटचं शिकाऊ ग्लायडर. लाकडी सांगाडा, प्लायवूड आणि कापडाचं आवरण. खास गोष्ट म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा पुढे-मागे नाही, शेजारी-शेजारी बसतात. आजोबांना उड्डाणातलं सगळ्यात जास्त काय आठवतं? तर मास्तरांचं कोपर. “वाकडं चालवलं की कोपर बसायचं बरगडीत.” अशी शंभराहून जास्त रोहिणी बनली. त्या काळच्या भारतीय ग्लायडरसाठी हा आकडा मोठा आहे.

लाकडी ग्लायडर मात्र टिकायला अवघड. ओल लागली की गोंद सुटतो, कापड सडतं. आणि ज्यांनी ती उडवली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून मॉडेल करायचं तर माहिती आत्ताच गोळा करावी लागते.

आधी आकडे तपासा, मग ब्लेड उचला

कुठल्याही जुन्या विमानाचे दोन आकडे सहसा मिळतात: पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी, म्हणजे स्पॅन, आणि पंखांचं एकूण क्षेत्रफळ. रोहिणीचा स्पॅन १६.५६ मीटर, क्षेत्रफळ २०.७६ चौरस मीटर. सेडबर्गचा स्पॅन ५४ फूट, म्हणजे १६.४६ मीटर, आणि क्षेत्रफळ २६० चौरस फूट, म्हणजे २४.१५ चौरस मीटर.

स्पॅनमध्ये फरक किती? दहा सेंटीमीटर. सोळा मीटरमध्ये दहा सेंटीमीटर डोळ्याला दिसत नाहीत. सेडबर्गमध्येही दोघं शेजारी-शेजारीच बसतात, तेही लाकडीच आहे. म्हणजे फसायला सगळी सोय. पण आता क्षेत्रफळाला स्पॅनने भागा. जे येतं ती पंखाची सरासरी रुंदी. रोहिणीची येते १.२५ मीटर, सेडबर्गची १.४७ मीटर. बावीस सेंटीमीटरचा फरक! आजोबांची वीत बरोबर होती. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पंखाच्या टोकाला धरून ते मैदानातून पळाले होते, त्याची रुंदी हाताला आठवत होती, मला मोबाईलवर दिसली नाही.

दुसरी चाचणी: स्पॅनचा वर्ग करा आणि क्षेत्रफळाने भागा. याला आस्पेक्ट रेशो म्हणतात, म्हणजे पंख किती लांबट आहे त्याचं माप. रोहिणीचा १३.२ येतो, सेडबर्गचा ११.२. एखाद्या साइटवर स्पॅन, क्षेत्रफळ आणि आस्पेक्ट रेशो तिन्ही दिलेले असतील तर हा हिशेब करून बघाच. जुळला नाही तर तीनपैकी एक आकडा नक्की चुकीचा आहे. फूट-इंचाचं मीटर करताना किंवा एका साइटवरून दुसरीवर कॉपी करताना हे फार होतं.

माहिती शोधायची कुठे? मोबाईलवर पहिल्या पानावर जे येतं तिथे थांबू नका. जुनी ‘जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट’ ही वार्षिकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली सापडतात. विमान ज्या वर्षी उडालं त्याच्या एक-दोन वर्षं पुढचा अंक बघायचा. आंतरराष्ट्रीय ग्लायडिंगची शास्त्रीय संस्था ‘ओस्टिव्ह’ने ‘द वर्ल्ड्स सेलप्लेन्स’ हे पुस्तक काढलं होतं. पहिला खंड १९५८चा, दुसरा १९६३चा. मार्टिन सायमन्स यांच्या ‘सेलप्लेन्स’ या तीन खंडांमध्ये शेकडो ग्लायडर्सची वरून, बाजूने आणि समोरून काढलेली रेखाचित्रं आहेत. ब्रिटनमध्ये १९७३पासून ‘व्हिंटेज ग्लायडर क्लब’ आहे. जर्मनीत वासरकुप्पे डोंगरावर तर ग्लायडरचं वेगळं म्युझियमच आहे. युरोपातल्या जुन्या ग्लायडरवर काम करायचं असेल तर तुमचं नशीब चांगलं, सगळं आयतं मिळतं. भारतीय ग्लायडरसाठी मात्र एनसीसीतले जुने लोक, त्यांचे अल्बम आणि निवृत्त मेकॅनिक हाच खरा साठा. घरात कुणी असेल तर या रविवारीच विचारा, आणि मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवा (आधी त्यांना सांगून).

१६५६ पिक्सेलची युक्ती

समजा रेखाचित्र मिळालं. स्क्रीनशॉट आहे, स्केल दिलेलं नाही. काय करायचं?

चित्र कॉम्प्युटरवर गिम्प किंवा इंकस्केपमध्ये उघडा. दोन्ही फुकट आहेत. चित्र तिरकं असेल तर आधी सरळ करा. मग ते असं लहान-मोठं करा की पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर १६५६ पिक्सेल येतील. रोहिणीचा स्पॅन १६५६ सेंटीमीटर आहे, म्हणजे आता एक पिक्सेल बरोबर एक सेंटीमीटर! चित्रातली कुठलीही गोष्ट पिक्सेलमध्ये मोजा, खऱ्या विमानाचं माप सेंटीमीटरमध्ये मिळालं. त्याला स्केलने भागलं की मॉडेलचं माप.

याच चित्रात क्षेत्रफळही तपासता येतं. गिम्पमध्ये वरून दिसणारा सगळा पंख एका रंगाने भरा, तो सिलेक्ट करा आणि हिस्टोग्राम उघडा. तिथे पिक्सेलची संख्या दिसते. एक पिक्सेल म्हणजे एक चौरस सेंटीमीटर, तर रोहिणीच्या पंखाचे २,०७,६०० पिक्सेलच्या आसपास भरायला हवेत. पंखाचा जो भाग धडावरून जातो तोही धरायचा, कारण विमानाच्या आकड्यांमध्ये तो सहसा धरलेला असतो. मी माझ्या चित्राची ही चाचणी पंख बनवून झाल्यावर केली. आले दोन लाख चव्वेचाळीस हजार. तेव्हा पोटात गोळा आला.

एक सावधगिरी. जुन्या छापील चित्रातली रेघच दोन-तीन पिक्सेल जाड असते. म्हणजे खऱ्या विमानावर दोन-तीन सेंटीमीटरची, आणि मॉडेलवर अडीच ते चार मिलिमीटरची चूक. म्हणून मोजताना नेहमी रेघेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. चित्र स्पष्ट असेल तर स्पॅन ३३१२ पिक्सेल करा, मग एक पिक्सेल अर्ध्या सेंटीमीटरचा होतो.

फोटोवरून मोजायचं असेल तर जास्त जपून. मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत अलीकडचा पंख मोठा आणि पलीकडचा बारीक दिसतो. म्युझियममध्ये किंवा हँगरमध्ये संधी मिळालीच तर जितकं मागे जाता येईल तितकं जा आणि झूमवर काढा. वाइड लेन्स विसरा. फोटोत एक मोजपट्टी नाहीतर माहीत असलेल्या लांबीची काठी विमानाच्या त्याच बाजूला, त्याच अंतरावर ठेवा. आणि फोटो कुठल्या विमानाचा आहे ते खालच्या नावावरून नाही, विमानावरच्या अक्षरांवरून ओळखा. भारतात नोंदलेल्या ग्लायडरची अक्षरं ‘व्हीटी-जी’ने सुरू होतात. माझ्या त्या फोटोत शेपटाजवळ ब्रिटिश हवाई दलाचा लाल-पांढरा-निळा पट्टा अर्धवट दिसत होता. मी तो क्रॉप केला होता!

स्केल किती घ्यायचं?

मी १:८ घेतलं. स्पॅन २०७ सेंटीमीटर होतो, दोन तुकड्यांत केला तर प्रत्येक पंख साडेएकशे तीन सेंटीमीटर. एसटीच्या वरच्या रॅकवर तिरका बसतो, मी मोजून आलोय. १:१६ केलं तर एक मीटरचं मॉडेल होतं, शोकेससाठी छान. पण उडवायचं तर लहान मॉडेल जास्त अवघड, ते कसं ते पुढे येतंच. फक्त शेल्फवर ठेवायचं असेल तर १:७२, म्हणजे २३ सेंटीमीटर. एका रविवारचं काम.

इथे एक गोष्ट सगळ्यांना चकवते. लांबी ८ने भागली की क्षेत्रफळ ६४ने आणि वजन ५१२ने भागलं जातं. दोन माणसांसकट रोहिणी जवळपास पाचशे किलोची धरा. ५०० भागिले ५१२ म्हणजे ९७७ ग्रॅम. पंखाचं क्षेत्रफळ २०.७६ भागिले ६४, म्हणजे साधारण ३२ चौरस डेसिमीटर. प्रत्येक चौरस डेसिमीटरवर तीस ग्रॅम वजन आलं. या आकाराच्या मॉडेलसाठी हे अगदी ठीक आहे.

म्हणजे तुमच्याकडे एक किलोचं बजेट आहे, आणि त्यात लाकूड, गोंद, कागद, रिसीव्हर, बॅटरी, सर्वो आणि नाकातलं शिसं हे सगळं बसवायचं आहे. माझ्या पहिल्या, चुकीच्या पंखाचं वजन एकट्याचं ३१० ग्रॅम भरलं. त्यातला बराचसा भाग फेविकॉलचा होता. घरात पाहुणे आल्यावर साखर घालतात तसा मी गोंद घातला होता. आता किचनचा वजनकाटा टेबलावरच असतो. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी आणि नंतर मोजतो. आई कुरकुरते, पण चालवून घेते.

वेगही बदलतो, पण ८ने नाही, आठाच्या वर्गमुळाने, म्हणजे २.८३ने. खरं ग्लायडर ताशी ७० किलोमीटरने उडत असेल तर मॉडेल २५च्या आसपास उडेल. जोरात सायकल मारण्याइतका वेग झाला.

लहान पंखाला हवा घट्ट लागते

आता लहान मॉडेल अवघड का? पाण्यात पोहणारा माणूस आणि मधात पोहणारी मुंगी डोळ्यासमोर आणा. हवा तीच, पण वस्तू जितकी लहान आणि हळू तितका हवेचा चिकटपणा तिला जास्त जाणवतो. याचं माप म्हणजे रेनॉल्ड्स नंबर: वेग गुणिले पंखाची रुंदी, भागिले हवेचा चिकटपणा. वरच्या आकड्यांवरून काढला तर खऱ्या रोहिणीसाठी साधारण सोळा लाख येतो, आणि माझ्या मॉडेलसाठी फक्त सत्तर हजारांच्या आसपास.

या फरकाचा परिणाम असा की मोठ्या ग्लायडरचा जाड, गुबगुबीत पंखछेद मॉडेलवर जसाच्या तसा घेतला तर हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून राहत नाही. ती लवकर सुटते, आणि पंख अचानक उचल सोडतो. याला स्टॉल म्हणतात. म्हणून उडणाऱ्या स्केल मॉडेलमध्ये एक तडजोड सगळेच करतात: बाहेरून रूप तंतोतंत, पण पंखछेद थोडा पातळ आणि लहान मॉडेलला जमेल असा. त्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा पंखछेदांचा डेटाबेस फुकट उघडा आहे. एक्सएफएलआर-फाइव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून सत्तर हजारांच्या रेनॉल्ड्स नंबरला कुठला पंखछेद कसा वागतो ते आधी बघता येतं.

पंखछेदांची ‘नाका ४४१५’ अशी नावं दिसली तर घाबरू नका, तो पत्ता आहे. पहिला ४ म्हणजे मधल्या रेषेचा बाक रुंदीच्या ४ टक्के. दुसरा ४ म्हणजे तो बाक पुढच्या काठापासून ४० टक्क्यांवर सगळ्यात जास्त. १५ म्हणजे जाडी रुंदीच्या १५ टक्के.

शेपटीचा आडवा पंख काही जण स्केलपेक्षा थोडा मोठा करतात, उडणं स्थिर होतं म्हणून. मी नाही केला. आजोबा शेपटीवरही वीत ठेवतील याची मला खात्री आहे.

उद्यमनगरात एक दुपार

फासळ्या कापायला मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जे लोखंडी भाग ओततात, त्यांचे लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, बनवणारे मिस्त्री इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लेझर कटिंगच्या दुकानात फाइल देत होतो, तर शेजारच्या अशाच एका मिस्त्रींनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “किती सोडलंय?”

त्यांच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. ओतलेलं लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. त्यांची मोजपट्टीसुद्धा वेगळी असते, तेवढीच लांब केलेली. माझं लाकूड आकसणार नव्हतं, पण लेझरची रेघ स्वतःची जाडी खाते. साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर. फासळीच्या बाहेरच्या कडेला ते चालून जातं, पण जिथे मुख्य दांडा घुसतो ती खाच सैल होते. आणि सैल खाच म्हणजे पुन्हा गोंद, पुन्हा वजन. म्हणून आधी एका टाकाऊ तुकड्यावर पाच वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कापून बघितल्या. जी बोटाच्या दाबाने बसते ती घेतली. लेझरवाल्याने या ट्रायलचे पैसे घेतले नाहीत. मिस्त्री शेजारी उभे होते म्हणूनही असेल.

लाकडाचं सांगायचं तर बाल्सा ऑनलाइन मागवावं लागतं, स्वस्त नाही. सगळीकडे बाल्सा लावायची गरजही नाही. पंखाचा मुख्य दांडा, ज्याला स्पार म्हणतात, त्यावर सगळा भार येतो. तिथे पाइनची सरळ रेषांची पट्टी घ्या. फासळ्या आणि पुढच्या काठाचं आवरण बाल्साचं. खऱ्या लाकडी ग्लायडरमध्येही पंखाच्या पुढच्या भागावर पातळ प्लायवूड गुंडाळून स्पारला चिकटवतात. आडव्या छेदात बघितलं तर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी बंद नळी तयार होते, आणि पंख पिळवटत नाही. मॉडेलमध्ये एक मिलिमीटर बाल्साने तेच साधतं. शेपटीच्या गोल कडांसाठी मी बांबूची कामटी वापरली. बुरुडांकडून घेतली, मेणबत्तीच्या आचेवर वाकवली. पतंग बनवलेल्या कुणालाही हे येतं.

ज्यांच्याकडे लेझर नाही त्यांनी निराश होऊ नका. पंख टोकाकडे निमुळता असेल तर धडाजवळच्या आणि टोकाच्या फासळीचे दोन साचे प्लायवूडमध्ये करा. त्यांच्यामध्ये बाकीच्या फासळ्यांचे चौकोनी तुकडे नटबोल्टने घट्ट आवळा आणि सगळी चळत एकदम पॉलिश पेपरने घासा. दोन्ही साचे टेकेपर्यंत घासलं की मधल्या सगळ्या फासळ्या आपोआप योग्य मापाच्या होतात. डावा आणि उजवा पंख वेगवेगळे करायचे, नाहीतर दोन डावे पंख घेऊन बसाल. हे मी केलेलं नाही, पण थोडक्यात वाचलोय.

तोल

विमान तयार झालं आणि नीट उडालं नाही तर दहातल्या आठ वेळा कारण तोल असतं. मॉडेल दोन बोटांवर पंखाखाली तोला. तोलाचा बिंदू पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश यामध्ये यायला हवा. माझ्या पंखाची सरासरी रुंदी १५७ मिलिमीटर, म्हणजे पुढच्या काठापासून ४० ते ५० मिलिमीटर. पहिल्यांदा ४०वर ठेवा. शेपूट जड असलेलं मॉडेल वर तोंड करून स्टॉल होतं आणि सावरता येत नाही. नाक थोडं जड असेल तर फार तर लवकर खाली येतं.

जुन्या ग्लायडर्सचं नाक आखूड आणि शेपूट लांब, म्हणून शेपटीला एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीकडे मी कागद चिकटवतानासुद्धा हात आखडता घेतला. बॅटरी आणि सर्वो शक्य तितके पुढे. माझ्या मॉडेलमध्ये ते बरोबर दोन सीटच्या खाली आले, म्हणजे खऱ्या विमानात जिथे माणसांचं वजन होतं तिथेच.

उडवायचं कुठे?

हे वाचल्याशिवाय मैदानात जाऊ नका. रिमोटवर चालणारं मॉडेल ‘ड्रोन नियम २०२१’च्या कक्षेत येतं, त्याला चार पंखे असोत नाहीतर एकही नसो. वजन २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंत असलं की ते ‘मायक्रो’ गटात. चालू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये फक्त दोनशे फुटांपर्यंत, त्याच्या पुढे हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत. आपला विमानतळ उजळाईवाडीला, राजाराम महाराजांच्या काळापासूनचा. त्याच्याभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढा, कोल्हापूर शहराचा मोठा भाग आत येतो. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं मैदान कुठल्या रंगात आहे ते बघा, आणि नोंदणीचे सध्याचे नियमही तपासा. पन्हाळ्याच्या तटावर वारा झकास असतो हे खरं, पण ते संरक्षित स्मारक आहे आणि खाली माणसं असतात. तिथे नको.

आम्ही शहरापासून लांब, एका ओळखीच्या माणसाच्या माळावर गेलो. पहिला दिवस फक्त हाताने फेकण्याचा. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, पंख आडवे ठेवून, जमिनीला समांतर ढकलायचं. वर फेकायचं नाही. सरळ जाऊन अलगद टेकलं तर तोल बरोबर. माझं तिसऱ्या फेकीला गवतात नाक घासत थांबलं. वीस ग्रॅम शिसं काढलं. सातव्या फेकीला नीट गेलं.

दुसऱ्या आठवड्यात रबर आणि दोराने वर नेलं. हूक तोलाच्या बिंदूच्या किंचित पुढे लावायचा. मागे गेला तर मॉडेल दोरावरच उलटं होतं. आजोबा खुर्ची घेऊन आले होते, फोल्डिंगची. दोर सुटला, रोहिणी दोनदा डुलली आणि सरळ झाली. एकतीस सेकंद. वळवताना मी उशीर केला आणि ती बांधापलीकडच्या उभ्या उसात उतरली.

जानेवारीत उसात मॉडेल शोधणं म्हणजे काय ते कोल्हापूरवाल्यांना सांगायला नको. पाऊण तास गेला, हातांना पात्याचे चरे पडले. डाव्या पंखाचा कागद फाटला होता, बाकी सगळं शाबूत. आजोबांनी ती मांडीवर घेतली, पंखावर पुन्हा वीत ठेवली, आणि विचारलं, “दुसऱ्या सीटवर कोण बसवलास?”

सीट दोन्ही रिकाम्या होत्या. आता एक-अष्टमांश मापाची दोन माणसं करतोय. बसलेल्या माणसाची उंची साधारण अकरा सेंटीमीटर येते, वजन थर्माकोलमुळे नगण्य. उजवीकडच्याचं कोपर थोडं बाहेर काढलंय.